शिव्यांसकट निरोप

“शिव्या काढा, मग लावतो,” जेलरसाहेब म्हणाले.

“शिव्या काढल्या तर उरतं काय साहेब? खोकला!”

ते हसले नाहीत. त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. म्हणजे विषय अजून मिटलेला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

आधी माझं काम सांगतो. मी साउंड रेकॉर्डिस्ट. आयुष्यभर मुंबईच्या स्टुडिओत लोकांचे आवाज घासूनपुसून दिले आणि रिटायर होऊन कर्जतला घरी येऊन बसलो. बसवेना. बायको म्हणाली, कुठेतरी जा, पण जा. खोपोलीत एक लहानशी संस्था आहे, कैद्यांच्या घरच्यांसाठी काम करते. तिथे जाऊ लागलो.

काही तुरुंगांच्या आत रेडिओ असतो. रेडिओ म्हणजे काय, तर एक खोली, एक माइक आणि बराकीबराकीत स्पीकर. आम्ही कैद्यांच्या घरी जाऊन घरच्यांचं बोलणं रेकॉर्ड करतो. जेलर ते ऐकून पास करतात, मग ते आत लागतं. आतली माणसंही आपली गोष्ट सांगतात, ती आम्ही घरी नेऊन ऐकवतो. सोपं वाटतं, पण नाही. मोहोपाड्याच्या कॉलनीत एका बाईंनी मिक्सर चालू ठेवूनच बोलायचा हट्ट धरला, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. नवरा तुरुंगात आणि चटणी माझ्या कानात.

तर हे शिव्यांचं प्रकरण पोशीर गावचं. यमुनाबाई आणि बाळाराम, भातशेती करणारं म्हातारं जोडपं. त्यांचा मुलगा नरेश. जमिनीच्या दलालीवरून हाणामारी झाली, त्यात समोरचा माणूस दगावला. गुन्हा शाबीत झाला, शिक्षा लागली. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात बाळारामबाबा सगळ्यांसमोर म्हणाले, “माझा पोरगा मेला.” नरेशनं ते ऐकलं.

तेव्हापासून तो मुलाकातीला येईना. मुलाकात म्हणजे घरच्यांची भेट. मध्ये काच, दोन्हीकडे फोन. कैदी नको म्हणाला तर कोणी ओढून आणत नाही. यमुनाबाई जायच्या, बाहेर बसायच्या आणि आतून निरोप यायचा, मेलेल्याला काय भेटायचं? त्यातच तो धड जेवत नाही असंही त्यांच्या कानावर आलं.

“एकदा डोळ्यांनी बघू द्या मला,” त्या आमच्या संस्थेत येऊन म्हणाल्या. “बाकी काय नको.”

संस्था चालवणाऱ्या मॅडमनी मला पोशीरला धाडलं. “दामले, आईचं घ्या. हळवं, छान.”

आईचं घेतलं. यमुनाबाईंनी कोणाकडून तरी लिहून घेऊन पाठ केलं होतं. “माझ्या लाडक्या बाळा, तुझी माता तुझी वाट पाहत आहे.” मी मशीन थांबवलं.

“घरी त्याला बाळा म्हणता?”

“कवा? नऱ्या म्हणते.”

“मग तसंच म्हणा की.”

“रेडिओवर? बरं दिसतं का त्ये?”

ऐकेनात. शेवटी आहे तेच घेतलं. बोलणं संपलं की आम्ही थोडा वेळ त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. तिला रूम टोन म्हणतात. पुढे वाक्यं कापून जोडली की मधल्या भेगेत ती भरायची, म्हणजे जोड कळत नाही. त्यासाठी मी म्हटलं, “आता कोणी बोलू नका.”

बाळारामबाबा पडवीत दावं वळत बसले होते. मी आल्यापासून माझ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

“माझ्या घरात मला गप बस सांगतो?”

“बाबा, थोडाच वेळ.”

“लई गप बसलो! काय सांगायचं त्याला? अक्कल हाय का? बांधाचं तोंड उघडं टाकून वरातीत नाचाय गेला, सगळं रोप वाहून खाली गेलं. तवापासनं सांगतोय, जरा थांब, इचार कर. ऐकलं? हात उचलला की उचलला. माणूस गेला! कोणाच्यातरी घरातला बाप गेला रं! आन् आता म्हणं जेवत नाय. कोणावर उपकार करतोस? तुझी आय हेलपाटे घालती, तिला भेटत नाय, मुडद्या! मी बोललो त्ये बोललो. बाप हाय, बोलणारच. म्हणून काय तू आयला तोंड दाखवायचं नाय?”

मधल्या दोन शिव्या इथे लिहिता येत नाहीत. पुढे खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते थांबले. यमुनाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. माझ्या मशीनवरचा लाल दिवा चालूच होता. सुरुवात माझ्याशी भांडायला केली होती आणि मध्येच गडी सरळ पोराशी बोलायला लागला होता.

“बाबा, हे सगळं रेकॉर्ड झालंय.”

“झालं तर झालं.”

“तुरुंगात पाठवू?”

“पाठव नायतर गटारात टाक. मला काय!”

आमच्या धंद्यात याला परवानगी म्हणत नाहीत. ज्याचा आवाज, त्याचा स्पष्ट होकार लागतो. मी पुन्हा विचारलं, हो की नाही? त्यांनी दाव्याला आणखी एक पीळ दिला.

“पाठव. पन शिव्या काढू नको. मी गोड बोलाय लागलो तर त्याला वाटंल, म्हातारा मराया टेकलाय.”

ऑफिसात मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो दामले, आईचं किती सुंदर आलंय! हे कशाला?”

“सुंदर आलंय म्हणूनच ते त्याला परकं वाटणार,” मी म्हटलं.

वाद घालून दोन्ही घेऊन गेलो. आणि जेलरसाहेब म्हणाले, शिव्या काढा.

त्यांचंही चूक नव्हतं. स्पीकरवरचं सगळी बराक ऐकते. त्यामुळे शिवी नको, केसची चर्चा नको, हा नियम. इथे दोन्ही होतं. मी केसचा भाग कापून आणि शिव्यांवर बीप टाकूनही नेलं होतं; बीप म्हणजे टीव्हीवर शब्द झाकायला वाजतो तो टूं. त्यांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“हे तर आणखी घाण वाटतंय. लोक त्या टूंच्या जागी काय काय भरतील!”

चहा आला. मी विचारलं, “साहेब, तुमचे वडील कसे बोलायचे तुमच्याशी?”

“बोलायचे? पट्टाच काढायचे.”

त्यांनी चहा संपवला.

“स्पीकरवर नाही लावणार. त्याला इथे बोलावतो. हेडफोनवर, माझ्यासमोर. एकदाच.”

नरेश आला. हडकलेला, मान खाली. आधी आईचं लावलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग बापाचं लावलं, सगळं, शिव्यांसकट. ‘कोणाच्यातरी घरातला बाप गेला’ इथे त्याचे डोळे भरून आले. खोकला संपल्यावर त्यानं हेडफोन काढला.

“खोटं बोलतो म्हातारा,” तो म्हणाला. “बांधाचं तोंड मी बुजवून गेलेलो. त्यांनीच सकाळी उघडलं आन् इसरले.”

जेलरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “तुझं उत्तर रेकॉर्ड करू?”

“नाय. तोंडावर सांगतो. घेऊन या त्यांना. आयलाही आणा.”

मी पोशीरला जाऊन निरोप दिला. बाळारामबाबांनी आधी साफ नाही म्हटलं. मग मी सांगितलं, तो तुम्हाला खोटं बोलतो म्हणाला.

“मी? मी खोटं बोलतो?” त्यांनी खुंटीवरची टोपी काढली. “चल गं!”

मुलाकातीला मी सोबत गेलो आणि बाहेर थांबलो. वेळ संपल्यावर दोघं बाहेर आली. यमुनाबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

“मला एक अक्षर बोलू दिलं नाय दोघांनी,” त्या म्हणाल्या. “नुसते बांधावरनं भांडत होते. पन बघितला. जेवतो म्हणाला आता.”

बाळारामबाबांचा आवाज बसला होता. “पुढच्या टायमाला भेटाय कधी सोडतात?” त्यांनी मला विचारलं. “वरच्या खाचराचं सांगायचं ऱ्हायलंय.”

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. “दामले, रिपोर्टमध्ये काय लिहू?”

“लिहा,” मी म्हटलं, “बापलेकांचं भांडण पुन्हा सुरू झालं. प्रगती समाधानकारक.”