फुग्यावरचे तांदूळ

लेकीनं शाळेच्या प्रयोगासाठी वाटीवर फुगा ताणून बसवला, वर तांदळाचे दाणे टाकले, आणि मला आठवीचा वर्ग आठवला.

बाईंनी अशीच वाटी टेबलावर ठेवली होती. एकेकीनं वाटीजवळ हळू आवाजात नाव सांगायचं आणि दाणे किती हलतात ते बघायचं. बाकीच्यांच्या नावांनी दाणे जेमतेम थरथरले. माझ्या नावानं ते उडून खाली पडले. वर्ग हसला.

"अगं, हळू म्हटलं ना!"

"हळूच बोलले की बाई."

आमच्या घरात दिवसभर यंत्रमाग चालायचे. आमच्याकडं हळू म्हणजे एवढंच. बाई मात्र हसल्या नाहीत. "उद्या वडिलांना घेऊन ये," म्हणाल्या.

संध्याकाळी वीज गेली, माग थांबले. मी अण्णांच्या मागं उभी राहिले आणि शक्य तितक्या हळू म्हणाले, "अण्णा, बाईंनी बोलावलंय." ते सुताचा गुंता सोडवत राहिले. मी पुन्हा म्हणाले, तरी त्यांची मान वळेना. यांना आधीच कळलंय, म्हणून रागावलेत, असं वाटून मला रडू फुटलं.

खांद्यावर हात पडला तशी मी दचकले. लेक माझ्या मागंच उभी होती.

"कधीची हाक मारतेय, आई. रागावलीस का?"