मामांचा हळू आवाज

माझे सासरे हळू बोलायचे तेव्हा पलीकडच्या गल्लीतली माणसं उत्तर द्यायची. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांची सगळी उमर इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडमध्ये गेली. तिथल्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. पुढे काम सुटलं, कानही गेले, आवाज मात्र तसाच राहिला. आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी प्रेमानं "सावकाश जेवा" म्हटलं, तर माझी आजी घाबरून ताटावरून उठली होती.

मी पडले हळू बोलणारी. आपल्या घरातलं दाराबाहेर जाऊ नये असं मला वाटायचं. "मामा, जरा हळू," हे वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. त्यावर ते म्हणायचे, "मी काय वरडालोय व्हय? सादं बोलालोय की." आणि वर त्यांचं नेहमीचं, "आवाज बंद म्हंजे माग बंद. मग पळायचं, काय तुटलंय बगाय."

तीनेक वर्षांपूर्वी छातीत गाठ माझ्या हाताला लागली. डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि शनिवारी फोन करतो म्हणाले. मी माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, म्हणजे संदीपला, ठाऊक होतं आणि त्यानं मामांना सांगितलं होतं. शनिवारी सकाळी मी पुसलेला ओटा पुन्हा पुसत होते. मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "घरात बसून फोन लवकर येतोय व्हय? भाकऱ्या बांद. बंगला बगून येऊ."

बंगला म्हणजे संस्थानकाळातला शिकारीचा बंगला, पन्हाळ्याच्या वाटेवरून आत गेल्यावर. आता तिकीट काढून बघता येतो. मामांचे वडील तरुणपणी तिथं हाक्याला जायचे. रान वेढून आरडाओरडा करायचा आणि जनावर बंदुकीपुढे आणायचं, हे हाकेकऱ्यांचं काम. त्यांना बंगल्याच्या पायरीपर्यंतच मुभा होती. "बा कवा आत गेला न्हाय. मी एकदा जाऊन येणार," असं मामा वर्षानुवर्षं म्हणत आले होते.

आम्ही दोघं, मामा आणि आमची लेक रेवा असे निघालो. बंगल्याच्या दारात पाटी होती. चपला आणि मोबाइल बाहेर ठेवावेत. संदीप पहारेकऱ्याशी वाद घालायला लागला, तसा मामांनी माझा फोन माझ्या हातातून काढून घेतला. "तुमी पोरीला घिऊन या बगून. मी बसतो की फोनपाशी." मी म्हटलं, "मामा, तुम्हालाच तर बघायचा होता." ते पहारेकऱ्याशेजारच्या बाकड्यावर बसलेसुद्धा. "बंगला कुटं पळून चाललाय," म्हणाले.

आत काय होतं ते मला धड आठवत नाही. गव्यांची मुंडकी होती, मोठे आरसे होते, आणि सगळीकडे ‘शांतता राखा’ लिहिलं होतं. आमची रेवा प्रत्येक मुंडक्याचं नाव विचारत होती. वरच्या मजल्यावर आलो तेव्हा खिडकीतून मामांचं बोलणं ऐकू आलं. "पावणं, गाव कंचं तुमचं?" मग बराच वेळ नात्यागोत्याची ओळख काढणं चाललं. आणि मग त्यांनी आवाज खाली घेतला, म्हणजे त्यांच्या मते घेतला. "सुनंच्या गाठीचा रिपोर्ट याचाय. कुणाला बोलू नगा, पोरगी लाजती."

खोलीतली सगळी माणसं थबकली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एक नऊवारीतल्या बाई माझ्याजवळ आल्या. "तू व्हय सून?" मी मान हलवली. त्यांनी काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा रडू आलं. परक्या बाईच्या हाताखाली उभं राहून रडताना किती हलकं वाटलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर फोन वाजला. पुढचं संदीपनं नंतर पहारेकऱ्याकडून ऐकून मला सांगितलं. मामांनी फोन उचलला, कानाला घट्ट दाबला, आणि त्यांना एक अक्षर कळेना. शेवटी त्यांनी फोन पहारेकऱ्याकडे दिला. "पावणं, तुमी ऐका. मला न्हाय ऐकू येत." त्या माणसानं ऐकलं, दोनदा विचारून खात्री केली आणि मामांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

मामा उठले ते सरळ आत. पायात चपला, हातात फोन, मागून पहारेकरी. "सुजाता! काय न्हाय ग! सादी गाठ हाय!" आवाज जिन्यावरून वर आला, आरशांवरून फिरला, सगळ्या बंगल्यात घुमला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नऊवारीतल्या बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. जन्मात पहिल्यांदा मी "मामा, जरा हळू" म्हटलं नाही.

बाहेर झाडाखाली भाकरी खाताना पहारेकरीही आमच्यात बसला. मी विचारलं, "मामा, बंगला बघायचा राहिला की." ते म्हणाले, "बगितला की. आवाज घुमतोय चांगला. बानं आत येऊन वरडायला पायजे हुतं."

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, काही त्रास झाला नाही. घर शांत झालं. अजूनही कधी कधी मी हातातलं काम टाकून त्यांच्या खोलीपर्यंत धावत जाते.

परवा रेवाला घेऊन पुन्हा त्या बंगल्यात गेले. पहारेकरी तोच होता. त्यानं माझ्या मागं बघितलं. "मामा न्हाईत आलं?" मी सांगितलं. तो आमच्या चपला उचलून नीट लावून ठेवत राहिला. मी वर गेले, त्याच खिडकीशी उभी राहिले. तेवढ्यात खालून रेवा ओरडली, "आई, खाली ये की!" सगळा बंगला दणाणला. मी खिडकीतून पाहिलं, दारातल्या पहारेकऱ्यानं सवयीनं ओठांवर बोट नेलं आणि अर्ध्यातच खाली घेतलं.

"नात न्हवं का त्येंची," तो म्हणाला. "वरडू दे."