तिचं रक्त तपासायला नेलं तेव्हापासून

माझ्या बायकोला सोरायसिस होता. कोपरं, गुडघे, पाठ, सगळीकडं लाल चट्टे आणि वर माशाच्या खवल्यासारखी पांढरी साल. शिवल्यानं होत न्हाई, हे डॉक्टरणीनं मला सांगितलं, मी गावाला सांगितलं. गाव नाक मुरडायचं, पण निदान चहा तरी सगळ्यांसारख्याच कपातून द्यायचं.

मग डॉक्टरीण म्हणाली, "बाबा, या आजाराच्या खुणा रक्तात सापडतात का, ते आम्ही शोधतोय. सापडल्या तर कुणाला कोणतं औषध लागू पडेल, ते आधीच कळेल." बायकोनं लगेच हात पुढं केला. "माझं न्हाई तर दुसऱ्या बाईचं भलं होईल," म्हणाली.

भलं कसलं! शेजारीण गावभर सांगत सुटली, "नुसतं कातडीचं असतं तर रक्त कशाला नेलं असतं? रक्तच नासलंय तिचं." तिथून हिचा कप वेगळा. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. मी शेजारणीच्या नवऱ्याला पारावर गाठलं. म्हणलं, "बायकोची जीभ आवर. तपासायला ती न्यायला पायजे." भांडण झालं. फरक काडीचा न्हाई.

यंदा उन्हाळा सरता सरता छातीत कळ आली आणि ती गेली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला आमच्यात बाया न्हाऊ घालतात, मळवट भरतात, ओटी भरतात. बाईमाणसाचा तेवढाच शेवटचा मान. बाया आल्या आणि दारातच थांबल्या. लेक रडत शेजारणीला म्हणाली, "काकी, कुंकू तरी लावा."

"गुडघे धरलेत गं माझे. वाकता येत न्हाई."

मग लेकीनं न्हाऊ घातलं, पाणी मी ओतलं. मळवट मीच भरला. कुंकू नाकावर सांडलं.

पुढं डॉक्टरणीचा फोन आला, आजींना दुसऱ्यांदा रक्त द्यायला आणा म्हणून. म्हणलं, "ती गेली. तुमची खूण सापडली का?"

"अजून काम चालू आहे, बाबा."

चालू ठेवा म्हणलं आणि फोन बंद केला.

तेराव्याला त्याच बाया पहिल्या पंगतीला. गुडघेवाली मांडी घालून ऐसपैस बसली. कुरडया दोनदा मागून घेतल्या. "लई खुसखुशीत हायत. तेलगावच्या बाजारातल्या का?"

"न्हाई. हिनं केलेल्या हायत. चीक हिनंच हाटला, हिच्याच हातानं."

तिचा घास गालातच राहिला.

म्हणलं, "खा. अजून डबाभर हायत."