कलमाचा चाकू आणि कस्टमचा मेल

गेल्या महिन्यात अमरावतीला कोर्टाच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो, तेवढ्यात मेल आला… तुमचं पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडवलं आहे.

मला जुने चाकू जमवायचा नाद आहे. हा जर्मनीहून येत होता. फळझाडांची कलमं करायचा, हाडाच्या मुठीचा, घडीचा चाकू… पणजोबांच्या काळातला, आणि एकदाही न वापरलेला! असा नग पुन्हा मिळत नाही. आणि एकदा का त्याला धार लावली, की संग्राहकाच्या लेखी त्याची माती.

मेलमध्ये विचारलं होतं, हे धारदार हत्यार कशासाठी मागवलं? नीट खुलासा करा, नाहीतर माल जप्त. 'हत्यार' वाचलं आणि मला घाम फुटला. स्वतः वकील आहे हो मी, लोकांच्या नोटिशींना उत्तरं देतो… पण स्वतःवर आली की सगळा कायदा विसरायला होतो. घरी तर बेल वाजली की बायको आधी माझ्याकडे बघायची, मग दार उघडायची.

'छंद म्हणून' असं कळवलं. खुलासा पुरेसा नाही, असं उत्तर आलं.

शेवटी शेंदूरजनाघाट गाठलं. तिथे माझ्या मामांची संत्र्याच्या रोपांची नर्सरी आहे. म्हटलं, मामा, असल्या चाकूचं काम जरा करून दाखवा, कस्टमला व्हिडिओ पाठवायचाय.

मामांनी आपल्या झिजलेल्या चाकूने जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवला, पट्टी बांधली आणि थेट मोबाईलकडे बघून म्हणाले, "सायेब, हा चाकू मानसाले लागला तं टाके पडते. झाडाले लागला तं संत्रा येते. सोडून द्या त्याले."

व्हिडिओ पाठवला. मग नुसतं ट्रॅकिंग बघत बसलो… जेवताना, कोर्टात, अगदी साक्ष चालू असताना सुद्धा. आणि एक दिवस पार्सल सुटलं!

आनंदाच्या भरात चाकू मामांना दाखवायला नेला. तिथेच फसलो. मामांनी तो उघडून, मिटून, कितीतरी वेळ हातात धरला.

"माह्यासाठी इतक्या दुरून कोनं काई आनलं नवतं रे बापू," ते म्हणाले. चेहरा नुसता फुलून आला होता.

मी काही बोलायच्या आत त्यांनी धारेच्या दगडावर पाणी शिंपडलं. 'मामा, तो वापरायचा नाही…' शब्द अगदी ओठांवर होते.

"काहून रे, असा पांढरा पडला?"

"काही नाही मामा. लावा धार."

पहिलाच डोळा बसवून मामांनी पातं धोतराला पुसलं आणि चाकू खिशात टाकला. जिवाला लागलं, खोटं कशाला बोलू… पण मामांचा तो चेहरा बघायला मिळाला, ती त्या कस्टमवाल्या साहेबांची कृपा. त्यांनी अडवलं नसतं, तर मामांसाठी कधी कुणी काही आणलं नाही, हे मला कळलंही नसतं.