एक समोरून, एक बाजूनं

लोक विचारतात, सून काय करते? मी सांगते, मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढते. तर म्हणतात, म्हणजे बटणच दाबायचं ना? माझं डोकंच फिरतं. बटण दारावरच्या घंटेलाही असतं, दाबून बघा कुणाची फुप्फुसं दिसतात का.

तिचे वडील ट्रक चालवायचे. अपघातात त्यांची मांडी मोडली, तेव्हा ही शाळकरी पोर त्यांच्यासोबत दवाखान्यात गेली आणि उजेडाच्या पाटीवर लावलेला बापाच्या हाडाचा फोटो बघून जागीच खिळली. पुढे हट्टानं तेच शिकली. आता मोडलेली हाडं, छातीतले क्षयाचे डाग, न्यूमोनिया, मुतखडे, सगळं तिच्या खोलीतून जातं. रोग सांगायचं काम डॉक्टरांचं, ते ती कधी स्वतःकडे घेत नाही. पण फोटो हलला, तिरका आला, तर डॉक्टर तरी काय कपाळ सांगणार?

घरी मात्र गरीब गाय. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की ही मिठाची गुळणी धरून बसते. दवाखान्यातली तिची तऱ्हा मला कळली ती भुंग्यामुळे.

भुंगा म्हणजे माझ्या लेकीचा मुलगा. दिवसभर गुणगुणत घरभर फिरतो, म्हणून हे नाव. नुकतं चालायला लागलेलं पोर, दिसेल ते तोंडात. त्या दिवशी सकाळी लेक त्याला घेऊन माझ्याकडे आली होती. त्यानं चिल्लरचा डबा पालथा घातला आणि आमची पाठ वळते न वळते तोच ठसका लागला. तोंडातून लाळ गळायला लागली, घोटभर पाणी गिळेना. नाणं गिळलं असणार, दुसरं काय! आम्ही दोघी जीव मुठीत धरून दवाखान्यात पोचलो.

मुलांच्या डॉक्टरांनी गळ्याचे आणि छातीचे एक्स-रे सांगितले, एक समोरून, एक बाजूनं. खोलीच्या दारात सून उभी होती. भाच्याला बघून तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिनं माझ्या लेकीला विचारलं, दिवस राहिलेत का. आत येणाऱ्या तरण्या बाईला ती हे विचारतेच, पोटातल्या जिवाला ते किरण नकोत म्हणून. लेकीनं मान खाली घातली. राहिलेत म्हणाली, अजून कुणाला सांगितलं नाही. एरवी मी आनंदानं नाचले असते, पण तेव्हा कुणाला सवड होती? लेक बाहेर थांबली आणि भुंग्याला धरायला मी आत गेले.

सुनेनं माझ्या अंगावर शिशाचा एप्रन चढवला. काय वजन हो त्याचं, भरलेली घागर गळ्यात बांधल्यासारखं. मग ती जाड काचेमागे गेली. एवढ्याशा पोराला श्वास रोखून धर म्हणून सांगता येत नाही. पण रडणारं मूल मध्येच मोठा श्वास ओढतं, तेवढ्यात ती बटण दाबते. भुंगा किंचाळत होता आणि हिची नजर त्याच्या छातीवरून हलत नव्हती.

पहिला फोटो आला. पडद्यावर पांढरी गोल चकती. डॉक्टर बघायला काचेमागे आले होतेच. माझा जीव भांड्यात पडला, चला, नाणंच आहे, मी दाराकडे ओरडले. बाहेरून लेक रडत म्हणत होती, वहिनी, दिसलं ना, मग पुरे करा. भुंगा रडून लालबुंद झालेला. मीही म्हणाले, कशाला आणखी छळतेस लेकराला, आणि त्याला उचलायला लागले.

"आई, घरी मी तुमचं ऐकते," ती काचेमागून म्हणाली. "इथे तुम्ही माझं ऐकायचं. त्याला कुशीवर घ्या, हात वर धरा आणि हलू नका."

आवाज जरासुद्धा चढवला नाही. पण मला असं आजवर कुणी सुनावलं नव्हतं. मी गुपचूप धरलं. भुंग्यानं श्वास ओढला आणि यंत्र टक्कन वाजलं.

दुसरा फोटो आला तशी डॉक्टरांनी मान पुढे काढली. नाण्याची कड बाजूनं सरळ दिसते. या चकतीच्या कडेला पायरी होती, मोठ्या चकतीला लहान चकती चिकटवल्यासारखी.

"नाणं नाही," डॉक्टर म्हणाले. "बटणाएवढा सेल आहे."

नाणं असतं तर थोडं थांबता आलं असतं. सेल अन्ननलिकेत अडकला की आतून जाळत सुटतो. डॉक्टरांनी भुंग्याला उचललं आणि स्वतःच ऑपरेशनच्या खोलीकडे धावले. आमच्या ह्यांनी घड्याळातला जुना सेल चिल्लरच्या डब्यात टाकून ठेवला होता. त्यांचा समाचार मी घरी गेल्यावर घेतला.

दुर्बिणीनं सेल निघाला. आत थोडं भाजलं होतं, भरून येईल म्हणाले. दुपारपर्यंत थांबलो असतो तर भोक पडलं असतं, हेही म्हणाले. लेकीला तिथे बसवून मी सुनेला सांगायला धावले. तिनं ऐकलं, मान हलवली, आत गेली आणि कडी लावून घेतली. आतून हुंदके ऐकू यायला लागले.

बाकावर माणसं खोळंबली होती. हात गळ्यात बांधलेला एक जण उठला, दार ठोठावून कुरकुरला की आत कुणी आहे की नाही. मी खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले.

"आत माझी सून रडतेय," मी म्हणाले. "तिचं रडून झालं की तुमचा नंबर."