चुकीच्या जागी ‘होय म्हाराजा’

दिंडोशीच्या कॉलनीतल्या बारा नंबरच्या इमारतीचा गणपती धाकू घाडी यांच्या गाऱ्हाण्याशिवाय पाटावरून हलत नसे. आरती झाली की धाकूकाका हात जोडून देवापुढे उभे राहात, सगळ्यांच्या वतीनं मालवणीत साकडं घालत, आणि ते जिथे थांबत तिथे बाकीचे एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणत. हा मान घाड्यांचा. गिरणीत राबलेल्या बापानं तो गावाकडून मुंबईत आणला आणि जाताना मुलाच्या हवाली केला. इमारतीतल्या गुजराती आणि तमिळ बिऱ्हाडांना त्यातलं अर्धं कळत नसे, पण ‘होय म्हाराजा’मध्ये त्यांचाच आवाज मोठा.

काका पस्तीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक. माणूस तापट, पण कानाचा पक्का. अंधेरी ते बोरिवली कितीतरी लिफ्टांचं दुखणं त्यांनी नुसतं ऐकून ओळखलं. बेअरिंग कुरकुरायला लागलं की ते लगेच बदलायला सांगत, आणि ‘अजून चालतेय ना?’ म्हणणाऱ्या सेक्रेटरीला असं झापत की तो पुन्हा त्यांच्या वाटेला जात नसे. लिफ्ट आधी बोलते, मग थांबते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एवढा शहाणा माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा थेट त्या सेक्रेटरीच्या पंक्तीला जाऊन बसला.

त्याचं असं झालं. काकांना नऊ वर्षांपासून आमवात. बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी पाना धरवत नसे. बोरिवलीच्या डॉक्टर पद्मजा यांच्या औषधानं ते दुखणं आटोक्यात होतं. पण गेले सहा महिने त्यांना कोरडा खोकला होता, आणि गच्चीवरच्या मशिनरूमचा जिना चढताना दोनदा थांबावं लागे. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नाही. सांध्यांच्या डॉक्टरला खोकला कशाला सांगायचा, असा त्यांचा सरळ न्याय.

मग गणपती आले. काकांनी नेहमीच्या खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा म्हाराजा, जा काय दुखणा-खुपणा ह्या बिल्डिंगीत येतला...” आणि तिथेच त्यांचा दम संपला. पुढचं ‘ता येशीच्या भायर घालव’, म्हणजे वेशीबाहेर हाकल, हे ओठांवरच राहिलं. काका थांबले म्हणजे वाक्य संपलं, एवढंच लोकांना ठाऊक. सगळी इमारत एकमुखानं म्हणाली, “होय म्हाराजा.”

मग हशा उसळला. अख्ख्या बिल्डिंगीनं मिळून दुखण्याला आवतण दिलं, म्हणून इमारतीचा सेक्रेटरी निलेश पोट धरून हसला. काकाही हसले, उरलेलं कसंबसं पुरं केलं आणि उदबत्तीच्या धुरावर खापर फोडून मोकळे झाले.

हसल्या नाहीत त्या फक्त नलिनीकाकू. तीस वर्षं त्यांनी हे गाऱ्हाणं ऐकलं होतं, नवरा कुठे श्वास घेतो ते त्यांना पाठ होतं. घरात आल्या आल्या त्यांनी विषय काढला. काकांनी धूर सांगितला, वय सांगितलं, शेवटी आवाज चढवला. खरं म्हणजे ते घाबरले होते. डॉक्टरनं बोलणं बंद करायला सांगितलं तर देवापुढे उभं कोण राहणार, ही ती भीती होती. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “तुमची लिफ्ट बोलताहा. तुमका ऐकाक येत नाय?”

काका दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं बोरिवलीला गेले.

डॉक्टर पद्मजांनी स्टेथोस्कोप पाठीवर, अगदी खाली लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी समजावलं की आमवात सांध्यांपुरता राहात नाही. शरीर आपल्याच अवयवांवर उलटतं आणि त्यात फुप्फुसंही सापडतात. “काका, खोकला मला पहिल्या दिवशी सांगायचा,” त्या जरा रागानंच म्हणाल्या. काकांनी राग ऐकून घेतला, पण छातीतला तो आवाज स्वतः ऐकायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी नळ्या त्यांच्या कानात दिल्या. श्वास आत जाताना बारीक चरचर आली, बीपीच्या पट्ट्याची चिकटपट्टी हळूहळू उकलावी तशी. पस्तीस वर्षांचा कान होता तो.

“बेअरिंग,” काका म्हणाले.

एक्स-रेत फारसं काही दिसलं नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या, आणि नळीत फुंकायच्या तपासणीतही आकडा थोडा खाली आला. गेलेलं परत मिळणार नव्हतं. पण गेलं होतं थोडं, आणि राहिलेलं जपायला औषध होतं. औषधं बदलली, श्वासाचे व्यायाम आले, दर काही महिन्यांनी फुंकायची तपासणी ठरली. काकांनी सगळ्यात शेवटी, खाली बघत, गाऱ्हाण्याचं विचारलं. ते म्हणायचंच, फक्त दम लागला की थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका एकदम सरळ होऊन बसले.

त्यानंतर दवाखान्यात त्यांनी उच्छाद मांडला. बाकड्यावर कुणी खोकलं की यांचा प्रश्न तयार: “मॅडमना सांगितलंत काय?” नाही म्हणणाऱ्याची खैर नसे.

वर्ष गेलं. तपासणीचा आकडा होता तिथेच टिकला. पुन्हा गणपती आले, आरती झाली, आणि काका पुढे उभे राहिले. निलेशनं आधीच चिडवून घेतलं होतं, की यंदा नीट मागा, देव ऐकतो. काकांनी हात जोडले. बापाकडून आलेलं वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच बदललं.

“बा देवा म्हाराजा, जा काय दुखणा-खुपणा येवचा आसात, ता येळेर कळव.”

आणि ते थांबले. दम पुरला होता, तरी सगळ्यांच्या होकारासाठी थांबले.

“होय म्हाराजा,” सगळी इमारत म्हणाली. सगळ्यात मोठा आवाज नलिनीकाकूंचा होता.