कडेवरच्या भावाला बंदी

वर्गात लहान भावंडं आणायची नाहीत, हा नियम माझा. वरून आलेला नव्हता. भूम तालुक्यातल्या या दोनशिक्षकी शाळेत मी पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा तो केला, आणि सतरा-अठरा वर्षांनी बदली होऊन पुन्हा इथंच आले तर नंतरच्या शिक्षकांनी तो जसाच्या तसा चालू ठेवलेला. मला त्याचं कौतुकच वाटलं. साहेब वाचनाची चाचणी घ्यायला यावेत आणि मागं कुणाचं तरी पोर भोकाड पसरावं, हे मला खपत नाही. मी शिस्तीची बाई. घरातही माझ्यापुढं कुणाचं चालत नाही.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. गणितात एवढी तयार, की फळ्यावर माझी चूक झाली तर पहिला हात तिचा वर. दिवाळीनंतर तिची आई खुरपायला जायला लागली आणि मुलगी यायची बंद झाली. पाचवीला आता ढकलपास नाही, नापास झालं की पुन्हा तोच वर्ग. आणि अशा मुली पुन्हा पाचवीत बसत नाहीत, घरीच बसतात. मला तिची काळजी लागली. खरं तर आईचा रागच आला.

एका दुपारी खिचडी झाली का बघायला शाळेमागं गेले, तर खिडकीखाली भिंतीला टेकून ही बसलेली. मांडीवर वर्षभराचा भाऊ झोपलेला, हातात वही. वहीत त्या दिवसाची गणितं होती, आदल्या दिवसाचीही.

"फळा दिसत न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "पण तुमचा आवाज इथवर येतो."

बारा दिवस मी तिची गैरहजेरी मांडत होते आणि ती माझ्यापासून चार हातांवर होती. वर्गातल्या पोरांना सगळं ठाऊक होतं. माझ्या धाकानं कुणी बोललं नव्हतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई नुकतीच रानातून आली होती. उद्यापासून बाळाला घेऊनच पाठवा, असं मी सांगितलं, जरा उपकार केल्यासारखंच. तिनं चहाचं आधण ठेवलं आणि शांतपणे म्हणाली,

"म्याबी तुमच्याच वर्गात हुते, मॅडम. पाचवीत. माझ्याबी कडंवर भाऊ हुता. तुमी दारातनं माघारी लावलं, तवापासून आलेच न्हाय."

मला ती आठवेना, तेच जास्त लागलं. तिनं दिलेला चहा सगळा प्यायले.

दुसऱ्या दिवशी दोघं भावंडं आली. बाळानं खडू खाल्ला, दोनदा रडलं, वर्ग हसला, आणि भागाकार तरीही झाले. मी मुलीची हजेरी मांडली. कपाटात जुन्या हजेरीपत्रकांचा गठ्ठा होता. त्यात तिच्या आईचं नाव असणार आणि पुढं 'सतत गैरहजर' हा शेरा, माझ्याच अक्षरात. तो गठ्ठा सोडायचं माझं धाडस झालं नाही.